रेमो फर्नांडिस कसे घडले? शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकवर

डिचोलीहून एका वडिलांनी विचारलं आहे: “मुलगा बारावीला आहे. लहानपणी देवळात भजनाला पेटीवर बसायचा. आता गिटार हातातून सुटत नाही आणि रेमो फर्नांडिस व्हायचं म्हणतो. रेमो नेमके घडले कसे? सिनेमानं मोठे केले, की घरातल्या पाश्चात्त्य संगीतानं, की नशिबानं? आमच्या मराठी घरातल्या मुलाला ती वाट मोकळी आहे का? शिक्षण सोडून त्याला मुंबईला जाऊ द्यावं का?”

मी गोव्यात ध्वनिमुद्रणाचं काम करतो, कॅसेटच्या जमान्यापासून. तियात्राची, म्हणजे कोंकणी नाटकांची, कांतारं (गाणी), भजनं, घुमट आरत्या, फेस्ताला वाजणारे बँड, सगळं माझ्या यंत्रांतून गेलेलं आहे. त्यामुळे गोव्याचे रॉक गायक रेमो यांच्या आयुष्याकडे मी त्याच खुर्चीतून पाहतो. वर्तमानपत्रं त्यांची ओळख करून देताना ‘हम्मा हम्मा’पासून सुरुवात करतात. ते गाणं ज्यात आहे तो ‘बॉम्बे’ हा चित्रपट आला १९९५ साली. त्याच्या अकरा वर्षं आधी, १९८४ मध्ये, शिवोलीतल्या आपल्या घरी बसून रेमोंनी ‘गोअन क्रेझी’ नावाची कॅसेट तयार केली होती. शब्द त्यांचे, चाली त्यांच्या, वाद्यं त्यांनीच वाजवली, गायले तेच, ध्वनिमुद्रण त्यांनीच केलं, कव्हरही त्यांनीच काढलं आणि तयार कॅसेटी स्कूटरवर घालून गोव्यातल्या दुकानांत पोचवल्या त्याही त्यांनीच. मला विचाराल तर रेमो तिथे घडले. पुढचं जवळजवळ सगळं त्या घरातून निघालेलं आहे, म्हणून मी सर्वांत जास्त वेळ तिथेच थांबणार आहे.

तिथवर ते कसे आले हे आधी थोडक्यात सांगतो. जन्म ८ मे १९५३, बारदेश तालुक्यातल्या शिवोलीत. गोव्यावर अजून पोर्तुगीज अंमल होता. मुक्ती झाली तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्याच्या आदल्या वर्षी लंडनहून परतलेल्या एका चुलत भावानं बिल हेलीच्या ‘रॉक अराउंड द क्लॉक’ची तबकडी आणली आणि रॉक त्यांच्या कानात शिरला तो कायमचा. शाळेत मित्रांचा बँड झाला. मग वास्तुकला शिकायला मुंबईत जे. जे. मध्ये गेले. तिथे ‘द सॅव्हेजेस’ या त्या काळी नावाजलेल्या बँडमध्ये वाजवलं, पण अभ्यास सोडला नाही, वास्तुविशारद झाले. १९७७ ते १९८० या काळात मिळेल त्या गाडीला हात करत युरोप आणि उत्तर आफ्रिका फिरले, जिथे जमेल तिथे वाजवत. आणि मग शिवोलीला परत आले.

परत आले, ही त्यांच्या चरित्रातली मला सर्वांत मोठी वाटणारी घटना. गोव्यातल्या वाजवणाऱ्या माणसाच्या सगळ्या वाटा तेव्हा गोव्याबाहेर जात. पोर्तुगीज काळात चर्चच्या जोडीला असलेल्या शाळांतून मुलांना सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं जाई. स्वरलिपी वाचता येणारी माणसं त्यामुळे गावागावांत तयार झाली. ती मुंबईला गेली आणि तिथल्या जॅझ बँडमध्ये, सिनेमाच्या वाद्यवृंदांत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट: हिंदी सिनेमाच्या सोनेरी काळातली गाणी ज्या भरदार वाद्यमेळावर उभी आहेत, त्यातला मोठा वाटा या आणि यांच्यासारख्या गोंयकारांचा. पण तबकडीवर त्यांचं नाव नसायचं. संगीतकार धून गुणगुणायचा, ती कागदावर उतरवून साठ-सत्तर वादकांना वाटून द्यायचं काम यांचं, आणि नाव संगीतकाराचं. बाकीचे बोटीवर बँडमन म्हणून गेले, काही आखातात, काही पंचतारांकित हॉटेलांत. रेमोंच्या हाती तीच परंपरा होती, तीच वाटही होती. ते त्या वाटेनं गेले नाहीत. स्वतःच्या गावात राहून, स्वतःच्या नावानं, स्वतःची गाणी करायची असं त्यांनी ठरवलं. इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय रॉक गायकाला तेव्हा ना बाजार होता ना वितरक, आणि तरीही ठरवलं.

आता ती कॅसेट ज्यावर झाली ते यंत्र. चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर. आजच्या मुलाला फोनवर हवे तेवढे ट्रॅक मिळतात, त्यामुळे या यंत्राचं मोल त्याला कळणं कठीण आहे, म्हणून जरा खोलात सांगतो.

एका गायकाला घरात बसून अख्खा बँड व्हायचं असेल तर आवाज एकावर एक चढवावे लागतात. आधी गिटार मुद्रित करायची, मग ती हेडफोनमध्ये ऐकत दुसऱ्या पट्ट्यावर, म्हणजे ट्रॅकवर, बेस, मग ठेका, मग गळा. १९७०च्या दशकापर्यंत हे फक्त मोठ्या स्टुडिओतल्या रुंद फितीच्या यंत्रांवर होई. बीटल्सनी १९६७ साली ‘सार्जंट पेपर’ केला तोही चार ट्रॅकच्याच यंत्रांवर, पण ती यंत्रं लंडनच्या ईएमआय स्टुडिओत होती आणि चालवायला निष्णात माणसं होती. १९७९ मध्ये जपानच्या टीॲक कंपनीनं टॅस्कॅम या नावानं ‘पोर्टास्टुडिओ’ काढला आणि हे सगळं बाजारात मिळणाऱ्या साध्या कॅसेटवर आलं. त्यामागची कल्पना सुंदर आहे. तुमच्या नेहमीच्या स्टिरिओ कॅसेटवर चार पट्टे असतातच: ‘ए’ बाजूचा डावा-उजवा आणि ‘बी’ बाजूचा डावा-उजवा. पोर्टास्टुडिओ हे चारही पट्टे एकाच दिशेनं वापरतो. कॅसेट उलटायची नाही. शिवाय आवाज स्वच्छ यावा म्हणून फीत दुप्पट वेगानं पळवतो, सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरऐवजी साधारण ९.५. परिणाम असा की साठ मिनिटांच्या कॅसेटवर जेमतेम पंधरा मिनिटांचं काम मावतं. फितीची सगळी रुंदी चार मिलिमीटरच्या आत, त्यात चार पट्टे. इतक्या चिंचोळ्या जागेत एक माणूस गिटार, बेस, बासरी, ठेका आणि मागचे सगळे आवाज बसवतो.

चार पट्ट्यांत चारपेक्षा जास्त वाद्यं बसवायची तर ‘बाउन्स’ करावं लागतं. पहिले तीन पट्टे भरले की ते तिन्ही एकत्र मिसळून चौथ्यावर उतरवायचे, मग ते तीन पुसून त्यांवर नवीन वाद्यं घ्यायची. यात दोन किमती मोजाव्या लागतात. दर वेळी फितीची सरसर वाढते. आणि एकदा मिसळलेलं वेगळं करता येत नाही. हुमणात (माशाच्या आमटीत) पडलेलं मीठ जसं परत काढता येत नाही, तसा बेस जास्त झाला असेल तर तो जास्तच राहणार. म्हणजे गाणं संपल्यावर कसं ऐकू येणार, हे पहिली तार छेडण्याआधी डोक्यात पक्कं हवं. कुठलं वाद्य कुठल्या कडव्यात गप्प बसणार, कोरसला जागा कुठे ठेवायची, हे सगळं आधी. बरं, पहिला ट्रॅक लयीत ढिला पडला तर त्यावर चढवलेलं प्रत्येक वाद्य ढिलं पडतं, आणि इथे सावरून घ्यायला शेजारी दुसरा वादक बसलेला नसतो. एकट्यानं बँड होणाऱ्याला स्वतःच्याच चुकांबरोबर वाजवावं लागतं. म्हणून चूक तिथल्या तिथे पुसून पुन्हा वाजवायची सवय अंगात मुरते.

ब्रूस स्प्रिंगस्टीननं १९८२ सालचा ‘नेब्रास्का’ याच जातीच्या यंत्रावर, न्यू जर्सीतल्या घरात केला. तो तेव्हा आधीच प्रसिद्ध होता, त्याच्यामागे मोठी कंपनी होती. त्यानंतर दोनच वर्षांत शिवोलीसारख्या गावात एक माणूस तेच करतो, आणि त्याच्यामागे कोणीही नाही. बारदेशातल्या गावात घरी ध्वनिमुद्रण करणं काय असतं ते मला ठाऊक आहे. पहाटे पदेराचा (पाववाल्याचा) भोंपू, दुपारी माडाच्या झावळ्या पडण्याचा आवाज, संध्याकाळी चर्चची आंजेलूसची घंटा, पावसाळ्यात बेडकं. सगळं नीट जमलेलं असताना वीज जाते. दमट हवेनं फितीला बुरशी धरते, फीत वाचणारं हेड दर बैठकीला स्पिरिटनं पुसावं लागतं, नाहीतर वरचा आवाज मंद होतो. अशा हवेत स्वच्छ वाजणारी कॅसेट घरी करणं हे कसबाचं काम आहे, आणि गोव्यातल्या माझ्यासारख्या सगळ्या ध्वनिमुद्रकांना त्या कॅसेटनं धडा दिला. स्टुडिओ मुंबईतच असतो ही समजूत तिनं मोडली.

आणि तिनं दुसरीही समजूत मोडली. गाण्याचा विषय. त्या काळी आपल्याकडचे इंग्रजी बँड दुसऱ्यांची गाणी हुबेहूब वाजवायचे. जो जास्त हुबेहूब तो मोठा. रेमोंची इंग्रजी गाणी गोव्याबद्दल बोलत होती. इथल्या माणसांबद्दल, इथल्या समुद्राबद्दल, इथल्या लबाड पुढाऱ्यांबद्दल. टेलिफोन लागत नाही या रोजच्या वैतागावर त्यांनी ‘ओड टु ग्रॅहॅम बेल’ केलं. ज्यांनी ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिली आहे त्यांना त्या गाण्याचं हसूही आलं आणि ते आपलंही वाटलं. पंतप्रधान राजीव गांधी गोव्यात आले असताना त्यांच्यासमोरच त्यांना उद्देशून गाणं म्हटलं, ज्यात इथली दुखणी उघड सांगितली होती. त्यावर गदारोळ झाला; पंतप्रधानांनी मात्र गाणं आवडल्याचं कळवलं. मंचावर उभं राहून खरं बोलायची ही हिंमत गिटारच्या क्लासात शिकवता येत नाही.

१९८५ मध्ये आलेल्या ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये त्यांनी गोव्याची पारंपरिक कोंकणी गाणी घेतली. रॉक वाजवणाऱ्या, युरोप फिरून आलेल्या माणसानं आजीच्या तोंडची गाणी पुन्हा उचलावीत, याचं तेव्हा काहींना नवल वाटलं होतं. मला त्यात सरळ रेषा दिसते. शिवोली हे गावच तसं आहे. नाताळानंतरच्या पहिल्या सोमवारी तिथे जागर हा लोकनाट्याचा उत्सव होतो, हिंदू आणि ख्रिस्ती मिळून करतात. जूनच्या २४ तारखेला सांजावला (सेंट जॉनच्या सणाला) सजवलेल्या होड्या नदीतून येतात, घुमट वाजतं, लोक विहिरींत उड्या घेतात. नदीपलीकडे चोपडे, पेडणे तालुका, म्हणजे दशावताराचा मुलूख. पूल व्हायच्या आधी फेरीत बसलं की तियात्राला जाणारा आणि नाटकाला जाणारा एकाच बाकावर असायचा. असं गाव ज्याच्या कानात आहे, त्याला ठेक्यासाठी अमेरिकेकडे बघावं लागत नाही.

इथे एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. हीच ती वर्षं, जेव्हा गोव्यात राजभाषेवरून घराघरांत फूट पडली होती. मराठी की कोंकणी या प्रश्नावर शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता. फेब्रुवारी १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, ३० मे १९८७ ला घटक राज्य मिळालं. मी मराठीच्या बाजूच्या घरातला. त्या दिवसांत दोन्ही बाजूंची पोरं रेमोंची कॅसेट एकमेकांकडून मागून नेताना मी पाहिली आहेत. त्या कॅसेटनं वाद मिटवला असं मी म्हणत नाही, पण तेव्हा आमच्यात जे थोडं सामाईक उरलं होतं त्यात ती होती, आणि त्याबद्दल मी आजही कृतज्ञ आहे.

पुढचं तुम्हाला माहीत असेल, म्हणून भरभर सांगतो. श्याम बेनेगलांच्या ‘त्रिकाल’मध्ये ते गायले आणि पडद्यावर दिसलेही, तो चित्रपट लोटलीला व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांच्या घरात चित्रित झाला होता. १९८६ मध्ये भोपाळच्या वायुपीडितांसाठी मुंबईत झालेल्या मैफलीत त्यांना देशानं दूरदर्शनवर पाहिलं. त्याच वर्षी अमली पदार्थांविरुद्ध ‘पॅक दॅट स्मॅक’ आला. गोव्याच्या किनाऱ्यावर गर्दनं काय केलं होतं ते ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं, त्यांना तो अल्बम कोणत्याही सरकारी जाहिरातीपेक्षा जास्त भिडला. १९८७ मध्ये ‘बॉम्बे सिटी’ आणि हिंदीत ‘जलवा’. १९९२ मध्ये ‘पॉलिटिशियन्स डोन्ट नो हाउ टु रॉक अँड रोल’. मग रहमानकडचं ‘हम्मा हम्मा’, १९९८ चं ‘प्यार तो होना ही था’, २००७ मध्ये पद्मश्री. अलीकडे ते पोर्तुगालमध्ये पोर्तो शहरात राहतात.

तर तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: सिनेमानं त्यांना देशभर ऐकवलं, घडवलं नाही. सिनेमानं त्यांना बोलावलं ते त्यांचा आवाज आधीच वेगळा झाला होता म्हणून. नशिबाचं म्हणाल, तर योग्य वेळी योग्य यंत्र बाजारात आलं हे नशीबच. पण ते यंत्र गोव्यात आणखीही काहींच्या घरी होतं. तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे, भाऊ बोटीवरून येताना काय काय आणत नसत? डेक आले, की-बोर्ड आले, गिटारी आल्या, आणि त्यांतल्या कितीतरी सुट्टी संपल्यावर कपाटावर जाऊन बसल्या.

घरातल्या वातावरणाबद्दल मात्र मला तुमच्याशी थोडं भांडायचं आहे. “आमच्या मराठी घरातल्या मुलाला” असं तुम्ही लिहिलंत, जणू तिथे काही कमी आहे. मंगेशीचे दीनानाथ आणि अभिषेकी, केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई याच मातीतल्या. तुमचा मुलगा देवळात पेटीवर बसून वाढला, म्हणजे काय काय शिकून बसला आहे ते बघा. कागद न वाचता कानानं स्वर पकडायला शिकला. गाणारा बुवा मध्येच वरची पट्टी धरेल तेव्हा त्याच्यामागे जायला शिकला. पखवाज चढत्या लयीत गेला की कुठे थांबायचं हे शिकला. रॉक बँडमध्ये बसणाऱ्या दहातल्या आठ मुलांना नेमकं हेच येत नाही: दुसऱ्याला ऐकणं. स्टुडिओत मी सर्वांत जास्त वेळ कशात घालवतो विचाराल तर गिटार वाजवणाऱ्याला ढोलकाचा आवाज ऐकायला लावण्यात. तुमच्या मुलाला तो वेळ लागणार नाही. त्यानं फक्त ते लपवू नये. चवथीला आरत्यांत घुमट आणि शामेळ या तालवाद्यांचा जो ठेका उठतो, तो त्याच्या हातात असेल तर त्यावर इलेक्ट्रिक गिटार चढवून बघावी. घुमटाला २०१९ मध्ये सरकारनं राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. मडक्याच्या तोंडावर ताणलेलं ते कातडं आणि दुसऱ्या तोंडावर उघडझाप करणारा हात यातून जो खोल, वाकता आवाज येतो, तो कुठल्याही विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट मिळत नाही. माइक कातड्यावर रोखायचा नाही, मागच्या उघड्या तोंडाजवळ थोडा तिरका धरायचा. हे मी त्याला येऊन दाखवीन.

मुंबईचा प्रश्न. आत्ता नको, आणि शिक्षण तर मुळीच सोडायला नको. रेमोंनी वास्तुकला पुरी केली याचा उल्लेख मी वर मुद्दाम केला. पदवी झाली म्हणून पोट भरलं असं त्यात नाही. पण हातात आलेली चित्रकला कव्हरला उपयोगी पडली, आखणीची शिस्त गाण्याच्या बांधणीत दिसते. बारावीच्या मुलानं मुंबईत जाऊन काय करायचं? तिथे आज काम करणाऱ्याला वादक म्हणून जागा मिळते, स्वतःचं गाणं नसलेल्याला मुंबई भाड्याच्या खोलीत वाट बघायला लावते. हातात दहा पुरी झालेली गाणी घेऊन गेला तर गोष्ट वेगळी.

मुंबईपेक्षा जवळचा धोका मला जास्त दिसतो, आणि तो कोणी बोलून दाखवत नाही. कळंगूट-कांदोळीची हॉटेलं, शॅक, मांडवीतल्या कॅसिनो बोटी. तिथे गिटार वाजवून गाणाऱ्याला हंगामात रोज काम आहे, पैसे रोख आहेत, टाळ्या आहेत. एका रात्रीत दोन बैठकी, तीच तीस-चाळीस गाजलेली गाणी, पर्यटकांची फर्माईश. मी या कामाला कमी लेखत नाही. त्यातून घरं उभी राहिली आहेत, आणि मंचावरची भीती मोडायला त्यासारखी शाळा नाही. पण अंगात स्वतःचं गाणं असलेली फार गुणी मुलं त्यात अडकलेली मी पाहिली. ऑक्टोबरला सुरू करतात, मेअखेर थकतात, पावसाळ्यात झोपतात. पाच वर्षांनी विचारलं तर स्वतःचं गाणं एकही नसतं, आणि दुसऱ्याच्या आवाजात गायची इतकी सवय झालेली असते की स्वतःचा आवाज सापडत नाही. म्हणून मुलगा उद्या हॉटेलात वाजवू लागला तर आडकाठी करू नका, मात्र एक अट घाला: प्रत्येक बैठकीत एक गाणं स्वतःचं. लोकांनी ऐकलं तर ऐकलं. नाही ऐकलं तर का नाही, हे त्याला त्याच रात्री कळेल, आणि ते कळणं कुठल्याही स्पर्धेच्या बक्षिसापेक्षा उपयोगाचं आहे.

पावसाळा मात्र त्यानं कामाचा करावा. जून ते सप्टेंबर गोव्यात बाहेरचे कार्यक्रम जवळजवळ बंद असतात. घरात बसून गाणी पुरी करायला यापेक्षा चांगला काळ नाही. त्याच्याकडे फोन आहे, तेवढा पुरे. जमलं तर दोन चॅनलचा साधा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार फोनला जोडणारं यंत्र), एक बरा माइक, आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन. खर्च करायचाच तर हेडफोनवर करा. पण सॉफ्टवेअरमध्ये चारच ट्रॅक वापरायचे, एकही जास्त नाही, आणि एकदा मिसळलं की मागे जाऊन बदलायचं नाही. मी माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला हे करायला लावतो. सुरुवातीला चिडतात. शंभर ट्रॅक समोर असले की मुलगा वाद्यं चढवत बसतो आणि गाणं कमजोर आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही. चार ट्रॅकमध्ये कमजोर गाणं लपत नाही. भिंतीला उशा-गोधड्या लावाव्यात, पंखा बंद, फ्रिज बंद, आणि पाऊस पत्र्यावर वाजायचा थांबेल तेव्हाच गळा मुद्रित करावा. गिटार पावसातही चालते, थेट तारेनं जोडली तर.

भाषा कुठली हे त्याचं त्यानं ठरवू दे. मराठीत लिहिलं तर मला आनंद होईल, कारण गोव्यातल्या मराठी मुलाचं रॉक मी अजून पुरेसं ऐकलेलं नाही. पण ज्या भाषेत तो मित्राशी भांडतो त्या भाषेत लिहावं. इंग्रजीत गायचं तर अमेरिकन उच्चार ओढून आणू नयेत; माइक खोटेपणा फार लवकर पकडतो. आणि विषय डिचोलीचा असावा. खाणी बंद पडल्यावर दारात उभे राहिलेले ट्रक, मयेचं तळं, नव्या सोमवारच्या उत्सवाची रात्र. हे सगळं त्याच्या डोळ्यांसमोर आहे आणि यावर रॉकमध्ये कोणी गायलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

कॅसेटी स्कूटरवरून पोचवण्याचं आजचं रूप काय, असंही तुम्ही विचाराल. इंटरनेटवर गाणं चढवणं आता एका संध्याकाळचं काम आहे, आणि म्हणूनच ते पुरेसं नाही. दुकानात स्वतः जाऊन कॅसेट देणाऱ्या माणसाला दुकानदाराचा चेहरा दिसतो, कोण घेतं, कोण परत करतं ते कळतं. मुलानं गावोगावच्या फेस्ताला, कॉलेजच्या कार्यक्रमाला, चवथीच्या मंडपात जाऊन तीन गाणी म्हणावीत. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही, त्यामुळे आयोजक सुरुवातीची वेळ नव्या मुलांना द्यायला राजी असतात; ती साडेसहाची रिकाम्या खुर्च्यांची वेळ मागून घ्यावी.

शेवटी हक्कांचं, कारण हे आईवडिलांनीच पाहायचं असतं. रेमोंनी सुरुवातीची गाणी स्वतः लिहिली, स्वतः केली, स्वतः मुद्रित केली, म्हणजे शब्द, चाल आणि मुद्रण या तिन्हींच्या मागे एकच माणूस होता. या तीन गोष्टी कायद्यात वेगवेगळ्या आहेत. आपल्याकडे गाणं तयार झालं की कॉपीराइट आपोआप निर्माण होतो, नोंदणी सक्तीची नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हक्क कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही. ते गोळा करायचं काम आयपीआरएस ही संस्था करते आणि दोन-चार गाणी प्रसिद्ध झाली की मुलानं तिचं सभासद व्हावं. कोणी “आमच्या लेबलवर काढतो, सही कर” म्हणत आला तर कागद घरी आणायला सांगा, म्हापशात-पणजीत वकील पुष्कळ आहेत. आणि चार मित्रांनी मिळून गाणं केलं असेल तर शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती, हे त्याच दिवशी एका कागदावर लिहून चौघांनी सह्या कराव्यात. मी जे बँड मोडताना पाहिले त्यांतले बरेचसे या एका कागदावाचून मोडले.